आधी टाइल, मग बेसिन, मग काउंटर आणि रंग सगळ्यात शेवटी

टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात मेक्सिकन टाइलसाठी फार हिंडावं लागत नाही. सीमेपलीकडचा माल इथे सर्रास मिळतो. खरा प्रश्न टाइल हातात आल्यावर सुरू होतो. निळा, पिवळा, हिरवा, विटकरी आणि काळी रेघ एवढं सगळं ४ इंचांच्या एका चौकोनात असतं. असे पाचशे-सहाशे चौकोन भिंतीवर चढल्यावर शेजारी बेसिन कोणतं, काउंटर कोणता आणि उरलेल्या भिंतींना रंग कोणता, इथे गाडी अडते. आमची बाथरूम ५ बाय ८ फुटांची, छत ८ फुटांवर, एका टोकाला ६० इंची टब, खिडकी नाही. अमेरिकेतल्या बहुतेक जुन्या घरांत दुसरी बाथरूम अशीच असते. ती करताना जे मोजलं, तपासलं, नाकारलं आणि पसंत केलं ते इथे लिहितो आहोत.

या कामात क्रमाला फार महत्त्व आहे. बहुतेक जण रंगापासून सुरुवात करतात, कारण शेडकार्ड फुकट मिळतं. पण रंगाच्या हजारो छटा आहेत आणि हवी ती दुकानात मिसळून मिळते. क्वार्ट्‌झ किंवा ग्रॅनाइटचे पर्याय काही डझन. हाताने केलेल्या बेसिनचे आकार मोजकेच. आणि टाइल तर जशी भट्टीतून आली तशीच घ्यायची, तिच्यात काहीच बदलता येत नाही. म्हणून ज्याचे पर्याय सर्वांत कमी ते आधी, आणि ज्याचे अमाप ते शेवटी. रंग आधी ठरवला तर त्याला जुळणारी टाइल शोधत बसावं लागतं आणि ती बहुधा सापडत नाही.

टाइलबद्दल थोडं, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्या स्वभावावर ठरतात. दुकानांत तिला सरसकट ‘तालावेरा’ म्हणतात. पैठणीला जसं भौगोलिक मानांकन आहे तसं मेक्सिकोत तालावेराला आहे, आणि ते नाव पुएब्ला आणि त्लाश्काला राज्यांतल्या ठरावीक भागातल्या प्रमाणित कारखान्यांनाच लावता येतं. स्पॅनिश कुंभारांनी आणलेल्या या कामाचे नियम पुएब्लाच्या कारागीर संघाने १६५३ मध्ये लिहून काढले. २०१९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत मेक्सिको आणि स्पेन या दोन्ही देशांतली ही कला आली. अमेरिकेत विकली जाणारी स्वस्त रंगीत टाइल मात्र बरीचशी ग्वानाह्वातो राज्यातल्या दोलोरेस इदाल्गो या गावाकडून येते. बाथरूमसाठी ती उत्तम चालते. फक्त प्रमाणित पुएब्ला मालाचा भाव कोणी सांगत असेल तर प्रमाणपत्र मागावं.

दोन्हींचा गाभा मातीचा, कमी तापमानाला भाजलेला आणि सच्छिद्र. वर कथिलाची अपारदर्शक पांढरी झिलई, त्यावर खनिजांचे रंग: निळा कोबाल्टचा, हिरवा तांब्याचा, जांभळट काळा मँगनीजचा. झिलईत बारीक जाळीदार चिरा असतात, सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात, कडा सरळ नसतात. हा दोष समजून माल परत करण्यात अर्थ नाही. पण या चिरा आणि सच्छिद्र गाभा यांमुळे ग्राउट (सांधे भरायचं मिश्रण), सीलर (छिद्रांत मुरून पाणी-डाग रोखणारा द्रव), सिलिकॉन, साफसफाई सगळ्यांचे नियम बदलतात. ही टाइल भिंतीसाठी आहे. जमिनीवर झिलई घासली जाते आणि ओली झाली की पाय सटकतो.

हिशेब असा. टबच्या तिन्ही बाजू मिळून १० फूट लांबी आणि टबच्या वर ६ फूट उंची, म्हणजे ६० चौरस फूट. ४ इंची टाइल एका चौरस फुटाला ९ धरतात, म्हणजे ५४० नग. १५ टक्के जास्त धरून ६२०. हाताच्या टाइलला १० टक्के जादा पुरत नाही. काही वाटेत फुटतात, काही इतक्या वाकड्या असतात की फक्त कापून कोपऱ्यालाच लागतात. बेसिनमागच्या पट्टीचे नग वेगळे मोजावेत आणि सगळं एकाच खेपेत मागवावं, कारण पुढच्या भट्टीचा पांढरा आणि निळा वेगळा निघतो. ‘४ इंची’ म्हणून आलेली टाइल प्रत्यक्षात थोडी कमी-जास्त भरते, म्हणून वेगवेगळ्या खोक्यांतल्या ९ टाइल सांध्यांसह जमिनीवर मांडून मापावं आणि मगच भिंतीवर आखणी करावी.

टाइलच्या आत पाणी शिरणार हे गृहीत धरून भिंत तयार करावी. टबभोवती अर्धा इंची सिमेंट बोर्ड, त्यावर पाणी रोखणाऱ्या लिक्विड मेम्ब्रेनचे दोन हात, मग थिनसेट, म्हणजे टाइल चिकटवायचं सिमेंट. टाइल आणि ग्राउट पाणी अडवत नाहीत, ते काम मेम्ब्रेन करतं. मेम्ब्रेन नसेल तर ओलावा गाभ्यात आणि मागच्या भिंतीत साठतो, टाइल कडेने काळपट दिसू लागते आणि काही काळाने झिलईच्या खपल्या निघतात. कापताना पाण्यावर चालणारा कटरच वापरावा. कोरडा ग्राइंडर नको, कारण काही कारखान्यांच्या झिलईत शिसं असू शकतं आणि त्याची धूळ घरात, विशेषतः मुलांच्या हाताला, लागायला नको. कापल्याचा चिखल ओल्या फडक्यानेच उचलावा.

आता बेसिन. तीन वाटा समोर होत्या.

पहिली, नक्षीचं मातीचं बेसिन. दुकानात ते इतकं देखणं दिसतं की पटकन घ्यावंसं वाटतं. पण बेसिन एका कारखान्यातलं आणि टाइल दुसऱ्या, तर दोन्हींचे पांढरे जुळत नाहीत. एक पिवळसर, दुसरा राखी झाक असलेला. नक्षीचा आकारही वेगळा असतो, टाइलवरचं फूल ४ इंचांत मावतं आणि बेसिनमधलं फूल १२ इंचांचं असतं. मागे नक्षीची पट्टी असताना समोर नक्षीचं बेसिन ठेवलं की नजर कुठेच ठरत नाही. आमचं मत स्पष्ट आहे: बेसिन नक्षीचं हवं असेल तर त्याच्या मागची टाइल एकरंगी ठेवावी, आणि टाइल नक्षीची असेल तर बेसिन शांत हवं.

दुसरी वाट ठोक्यांच्या तांब्याची. मिचोआकान राज्यातलं सांता क्लारा देल कोब्रे हे गाव या कामासाठी प्रसिद्ध आहे. तांब्याचा तपकिरी रंग टाइलमधल्या विटकरीशी फार छान जातो. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, म्हणून १४ किंवा १६ गेजचं घ्यावं. पण तांब्यावरचा तो गडद रंग म्हणजे हवेशी आणि पाण्याशी झालेल्या क्रियेचा थर आहे. टूथपेस्ट, लिंबू, व्हिनेगर लागलं की त्या जागी गुलाबी चकचकीत डाग पडतो. आपल्याकडे तांब्याची भांडी चिंचेने किंवा पितांबरीने लखलखीत करायची हातांना सवय आहे. घरी पाहुणे म्हणून आलेल्या आजी प्रेमाने तेच करतील आणि थर निघून जाईल. तो पुन्हा येतो, पण सावकाश आणि आधी ठिपक्याठिपक्यांनी. शिवाय तांब्याच्या कडेला व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन चालत नाही, त्यातल्या अ‍ॅसिडने तांबं हिरवं पडतं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं सिलिकॉन लागतं. पाहुण्यांच्या बाथरूमला तांबं सुंदर. रोज सकाळी मुलं दात घासतात तिथे आम्ही ते नाकारलं.

तिसरी वाट कारखान्यातलं पांढरं चिनी मातीचं बेसिन. स्वस्त, टिकाऊ, कुठेही मिळतं. अडचण त्याच्या पांढऱ्याची. हा पांढरा निळसर आणि थंड असतो, आणि त्याच्या शेजारी टाइलची सायीसारखी पांढरी झिलई मळकी दिसते. घ्यायचंच तर ‘बिस्किट’ किंवा ‘बोन’ अशा नावाची छटा घ्यावी.

शेवटी पहिल्या आणि तिसऱ्याच्या मधलं घेतलं: हाताने केलेलं मातीचंच बेसिन, आतून सायीच्या रंगाचं, नक्षी नाही, काठावर फक्त कोबाल्ट निळ्याची पट्टी. आतून गडद निळंही मिळतं आणि फोटोत ते जास्त खुलतं. पण सॅन अँटोनिओचं पाणी चुनखडीच्या एडवर्ड्‌स भूजलसाठ्यातून येतं, त्याचा जडपणा गॅलनला १५ ते २० ग्रेन, म्हणजे बराच जास्त असतो. मराठवाड्यात किंवा विदर्भात बोअरच्या पाण्याने बादल्यांना जो पांढरा क्षार धरतो तोच इथे धरतो. गडद निळ्यावर तो दोन दिवसांत दिसतो, सायीच्या रंगावर लपतो. आणि क्षार काढायला व्हिनेगर किंवा अ‍ॅसिड वापरलं की सिमेंटचं ग्राउट खाल्लं जातं आणि झिलई निस्तेज होते. पाणी राहूच न देणं, म्हणजे वापरल्यावर फडक्याने पुसणं, हाच उपाय. मुरलेल्या डागासाठी अ‍ॅसिड नसलेला साबण आणि मऊ स्पंज.

हाताचं बेसिन घेताना दुकानातच दोन गोष्टी बघाव्यात. काचेवर किंवा सपाट फरशीवर ते पालथं ठेवून काठाखाली फट किती राहते ते पाहावं. ३ मिलिमीटरपर्यंतची फट सिलिकॉन भरून काढतं, त्याहून जास्त असेल किंवा बेसिन डुगडुगत असेल तर दुसरं मागावं. मग बोटाच्या पेराने टिचकी मारावी. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद आला तर आत चीर आहे.

बसवण्याची पद्धत: काठ वर राहणारं, म्हणजे काउंटरवर टेकणारं बेसिन घ्यावं. काउंटरच्या खालून चिकटवायच्या बेसिनला सपाट काठ लागतो आणि हाताच्या मालाला तो नसतो. वर टेकणाऱ्या काठाखाली कापाचा ओबडधोबडपणाही झाकतो. कॅटलॉगमधल्या नकाशावरून दगड कापून घेऊ नये. दोन ‘१९ इंची’ बेसिनं एका मापाची नसतात, एकाच बेसिनची डावी-उजवी बाजूही सारखी नसते. बेसिन जाड पुठ्ठ्यावर पालथं ठेवून बाहेरची रेघ मारावी, काठाची रुंदी सगळीकडून मोजून आतली रेघ आखावी, पुठ्ठा कापून त्यात बेसिन बसवून बघावं. काठ सगळीकडे किमान अर्धा इंच टेकला पाहिजे. पुढची बाजू कोणती हे बेसिनवर आणि पुठ्ठ्यावर मास्किंग टेप लावून लिहावं आणि दोन्ही वस्तू दगड कापणाऱ्याच्या दुकानात नेऊन द्याव्यात.

सर्वांत जास्त गळती होते ती वेस्ट कपलिंगपाशी, म्हणजे बेसिनच्या तळाच्या भोकात बसणाऱ्या निचऱ्याच्या तोटीपाशी, आणि तिचं कारण ठरलेलं असतं. अमेरिकेत मिळणारी बरीच मातीची बेसिनं ओव्हरफ्लोच्या, म्हणजे काठाजवळून जादा पाणी वाहून नेणाऱ्या भोकाशिवाय येतात, पण दुकानात सहज हाताशी येणारं कपलिंग बाजूला भोकं असलेलं, ओव्हरफ्लोच्या बेसिनसाठीचं असतं. ते लावलं की पाणी त्या भोकांतून कपलिंग आणि बेसिनच्या भोकाची भिंत यांच्यामध्ये शिरतं. तिथे झिलई नसते, कच्ची माती असते. ती पाणी पिते आणि खालून थेंब थेंब गळतं. आपल्याकडचे प्लंबर ज्याला ‘फुल थ्रेड’ आणि ‘हाफ थ्रेड’ म्हणतात तोच हा फरक: ओव्हरफ्लो नसलेल्या बेसिनला फुल थ्रेड. ओव्हरफ्लो असेल तर उलट, भोकाचं कपलिंगच हवं, नाहीतर ओव्हरफ्लोची वाटच बंद होते.

दुसरी अडचण जाडीची. या बेसिनचा तळ कारखान्याच्या बेसिनपेक्षा बराच जाड असतो, त्यामुळे आखूड आट्याच्या कपलिंगला नट धरायला जागा उरत नाही. जाडी मोजून लांब आट्याचं कपलिंग घ्यावं. बसवण्याआधी भोकाच्या आतल्या कच्च्या मातीवर सिलिकॉनचा पातळ हात फिरवून पूर्ण वाळू द्यावा. वरच्या रिंगखाली प्लंबर पुट्टी नको, तिचं तेल सच्छिद्र मातीत मुरतं आणि डाग कायमचा राहतो. तिथेही सिलिकॉनच. खाली जाड रबरी वॉशर, मग नट हाताने आवळून पान्याचा जेमतेम पाव फेरा. त्याहून जास्त आवळलं की भोकापासून वर चीर जाते आणि ती पाणी भरल्यावरच दिसते. बेसिन भरून रात्रभर ठेवावं, खाली कोरडा कागद ठेवावा.

उकळतं पाणी या बेसिनमध्ये कधीही ओतू नये. तुंबलेली नळी मोकळी करायला ते ओततात आणि माती तडकते. घरचा गीझर १२० अंश फॅरनहाइटला, म्हणजे ४९ सेल्सिअसला ठेवावा, मुलांच्या दृष्टीनेही तेच बरं.

नळ बेसिनबरोबरच ठरवावा, नंतर नाही, कारण काउंटरमध्ये त्याची भोकं पडणार असतात. काउंटरची खोली साधारण २२ इंच. पुढे कपाटाच्या चौकटीसाठी अडीच इंच सोडले, बेसिन पुढून मागे १५ इंचांचं असलं, की मागे साडेचार इंच उरतात. त्यात नळ व्यवस्थित बसतो, भोकाचा मध्य मागच्या टाइलपासून सव्वादोन इंचांवर येतो आणि टाइलच्या सांध्यापर्यंत फडकं पोचतं. बेसिन १७ इंचांचं घेतलं तर मागे अडीचच इंच राहतात आणि नळ भिंतीतूनच काढावा लागतो. भिंतीवर टाइल लावण्याआधी हे कळलेलं बरं. मातीच्या बेसिनचा काठ रुंद आणि आतला उतार हळू असतो, त्यामुळे आखूड तोंडाच्या नळाचं पाणी मागच्या उतारावर आपटून बाहेर उडतं. ५ इंच किंवा अधिक पुढे येणारा नळ घ्यावा.

काउंटरचं काम टाइल आणि बेसिन यांना वेगळं ठेवण्याचं. म्हणून त्यात नक्षी, शिरा, ठिपके काही नको. या एका कसोटीवर ठिपक्यांचे बहुतेक ग्रॅनाइट आणि शिरांचा मार्बल बाद होतात. मार्बल तसाही टूथपेस्ट आणि माउथवॉशच्या शेजारी टिकत नाही.

टाइलचाच काउंटर करायची पद्धत मेक्सिकोत जुनी आहे आणि स्वयंपाकघरात ती शोभतेही. त्याला पाऊण इंची प्लायवूड, वर सिमेंट बोर्ड, कडेला गोल कडेचे किंवा कोनाचे खास तुकडे लागतात. बाथरूममध्ये आम्हाला ती दोन कारणांनी नको वाटली. काचेची बाटली निसटून पडली की कडेची झिलई उडते आणि आतली लाल माती दिसते. आणि आपल्या घरात हळद, उटणं, कुंकू, मेंदी, खोबरेल तेल हे सगळं बेसिनपाशीच सांडतं. आडव्या पृष्ठभागावरच्या ग्राउटमध्ये हळद गेली की ती निघत नाही. तोच डाग काँक्रीटच्या काउंटरलाही पडतो, म्हणून तोही नाकारला. मेस्कीटचं लाकूड इथलंच, रंगाला अप्रतिम, पण ओल्या जागी दरवर्षी तेल द्यावं लागतं.

काळा ग्रॅनाइट बराच वेळ यादीत होता. इथल्या दगडांच्या गोदामांत ‘अ‍ॅब्सोल्यूट ब्लॅक’ नावाने मिळणारा बराचसा दगड दक्षिण भारतातून येतो. टाइलवरची काळी रेघ तो उचलून धरतो, हळदीने बिघडत नाही. मऊ पाण्याच्या गावात आम्ही तोच घेतला असता. जड पाण्यात काळ्यावर प्रत्येक थेंबाचं पांढरं वर्तुळ उमटतं, आणि काळा रोज पुसत बसायचा नसेल तर तो घेऊ नये.

घेतला तो क्वार्ट्‌झ, २ सेंटिमीटर जाड, वाळूच्या रंगाचा, एकसारखा, चकाकी नसलेला. रंग निवडताना एक गोष्ट सांभाळली: काउंटर टाइलच्या पांढऱ्यापेक्षा स्पष्ट गडद हवा. ‘जवळपास तोच’ पांढरा घेतला तर दोहोंतला एक चुकल्यासारखा दिसतो. दोन-तीन छटा गडद घेतला की तो वेगळा रंग म्हणून वाचला जातो. चकाकी टाळली कारण टाइलची झिलई आधीच चमकते, आणि आरशासारख्या काउंटरमध्ये तिची सगळी नक्षी उलटी दिसते. तेलकट बोटांचे ठसे चकाकी नसलेल्यावर जास्त दिसतात, हे खरं. साबणाच्या पाण्याने जातात. क्वार्ट्‌झ म्हणजे दगडाची भुकटी आणि रेझिन. केस सरळ करायचं गरम यंत्र त्यावर थेट ठेवलं तर रेझिन पिवळं पडतं आणि पूर्ववत होत नाही. खाली जाड नॅपकिन किंवा सिलिकॉनचा तुकडा ठेवावा.

पैसे वाचवायची जागा इथे आहे. ३६ इंची कपाटाला ३७ बाय २२ इंचांचा तुकडा लागतो, म्हणजे सहा चौरस फुटांहून थोडा कमी. दगड कापणाऱ्यांकडे मोठ्या स्वयंपाकघरांतून उरलेले तुकडे पडलेले असतात, ते पूर्ण पाट्याच्या भावापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतात. विचारावं लागतं, आपणहून ते सांगत नाहीत. भोकं आणि कडा त्यांच्याच दुकानात पाण्याखाली कापून घ्याव्यात, घरी कोरडं कापू देऊ नये. क्वार्ट्‌झच्या धुळीतली सिलिका फुप्फुसांना घातक आहे, कापणाऱ्याच्या आणि घरातल्यांच्याही.

काउंटरबरोबर त्याच दगडाची ४ इंच उंच पट्टी मागे लावायला देतात. ती घेऊ नका. ती लावली की टाइल काउंटरपासून तुटते. टाइल थेट काउंटरवर उतरवावी, मध्ये अष्टमांश इंचाची फट ठेवून त्यात सिलिकॉन भरावं. ग्राउट भरलं तर काउंटर हलला की तिथेच तडकतं. टाइलच्या ओळींची सुरुवात बेसिनच्या मध्यापासून करावी, म्हणजे दोन्ही टोकांना सारखे तुकडे येतात.

ग्राउटचा रंग भिंतीच्या रंगाइतकाच महत्त्वाचा. शुभ्र पांढऱ्या ग्राउटने टाइल पिवळट दिसते. काळं किंवा गडद राखी घेतलं तर भिंतीवर जाळी उमटते, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याचा रंग झिलईच्या चिरांत शिरून टाइलवर काळी कोळिष्टकं राहतात. आम्ही काउंटरजवळचा, फिका वाळूचा रंग घेतला. वाळूमिश्रित ग्राउट झिलईवर ओरखडे काढतं, म्हणून सांधे अष्टमांश इंचापर्यंत ठेवून बिनवाळूचं वापरलं. ग्राउट भरण्याआधी टाइलवर आत मुरणारं सीलर एकदा लावून घ्यावं, ग्राउट सुकल्यावर पुन्हा एकदा. आणि भिंतीवर जाण्याआधी हे सगळं एका उरलेल्या टाइलवर करून पाहावं.

आणि आता रंग. इथपर्यंत आल्यावर निवड फार सोपी झालेली असते, कारण त्याच्या शेजारी कोण कोण आहे हे ठरलेलं असतं. २ बाय २ फुटांच्या पांढऱ्या बोर्डावर रंगाचे दोन हात मारावेत, वाळू द्यावेत (ओला इमल्शन आणि वाळलेला यांत छटा बदलते), मग बोर्ड भिंतीला उभा टेकवून शेजारी टाइल उभी धरावी. टेबलावर आडवं ठेवून पाहिलेला रंग भिंतीवर वेगळा दिसतो. आणि त्या बाथरूमचे दिवे लावून बघावं. आम्ही २७०० केल्विनचे (पिवळसर उबदार प्रकाशाचे), सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचे बल्ब आधी बसवले आणि मग रंग पाहिले. ४००० केल्विनच्या, जास्त पांढऱ्या दिव्याखाली टाइलचा पिवळा फिका पडतो आणि विटकरी तपकिरी होतो.

निळ्या टाइलला तोच निळा रंग भिंतीवर लावावा ही पहिली इच्छा असते. रंगाच्या दुकानातलं यंत्र टाइल स्कॅन करून छटा देतंही. पण कोबाल्टचा निळा एकसारखा नसतो. कुंचल्याचा थर जाड तिथे जवळजवळ काळा, पातळ तिथे आभाळासारखा, आणि वर काचेची खोली. यंत्र त्याची सरासरी काढतं, आणि ती सपाट सरासरी टाइलशेजारी मेलेली वाटते. कोयोआकानमधल्या फ्रीडा काहलोच्या निळ्या घराचा फोटो दाखवून तोच निळा मागणारेही बरेच. त्या भिंती २२०० मीटर उंचीवरच्या मेक्सिको सिटीच्या उन्हात आहेत. खिडकी नसलेल्या खोलीत तो रंग विहिरीच्या तळासारखा होतो.

आमच्या मते दोन रस्ते चालतात. खोलीत खिडकी असेल, रंगवायची भिंत मोठी असेल, तर टाइलमध्ये सर्वांत कमी आलेला रंग उचलावा, बहुधा पिवळी माती किंवा विटकरी, आणि तो बराच फिका करून लावावा. खिडकी नसेल तर उबदार पांढरा. शुद्ध पांढरा नव्हे. शेर्विन-विल्यम्सचा एक्स्ट्रा व्हाइट (एसडब्ल्यू ७००६) टाइलशेजारी धरला तर टाइल धुतल्याशिवाय लावल्यासारखी दिसते. त्यांचाच अ‍ॅलाबास्टर (एसडब्ल्यू ७००८) किंवा बेंजामिन मूरचा व्हाइट डव्ह (ओसी-१७) शेजारी आला की तीच झिलई ताज्या सायीसारखी दिसते. आम्ही अ‍ॅलाबास्टर घेतला, भिंतींना आणि छतालाही. छत शुभ्र ठेवलं तर ५ बाय ८ च्या खोलीत त्याची रेघ डोक्यावर टांगल्यासारखी वाटते.

मोठा रंग कपाटाला दिला: टाइलमधल्या हिरव्यापेक्षा गडद आणि मंद, कडुनिंबाच्या जून पानाचा. कपाट आणि टाइल यांच्यामध्ये काउंटरची वाळूची पट्टी असल्यामुळे दोन हिरव्यांची थेट तुलना होत नाही. कपाटाला सॅटिन फिनिशचं कठीण एनॅमल वापरावं, भिंतीचं इमल्शन हात लागून लागून चिकट होतं.

भिंतीला चकाकी किती? बाथरूम म्हणजे सेमी-ग्लॉस हा जुना नियम. टेक्सासमधल्या ड्रायवॉलवर (जिप्सम बोर्डाच्या भिंतीवर) मात्र बहुधा संत्र्याच्या सालीसारखा पोत मारलेला असतो, आणि सेमी-ग्लॉसखाली त्याचा प्रत्येक उंचवटा चमकतो. बाथरूमसाठी बनवलेले मॅट रंग आता मिळतात, दमटपणा सोसतात, पुसता येतात. टाइलची चकाकी एकटी राहिली की तीच दिसते.

रंगाचा हिशेब: चारी भिंतींची लांबी २६ फूट, उंची ८, म्हणजे २०८ चौरस फूट. त्यातून टब आणि त्यावरची टाइल ७२, दार १७, आरसा आणि बेसिनमागची टाइल मिळून १० वजा केले की ११० च्या आसपास उरतात. छताचे ४० धरून दीडशे, दोन हातांचे तीनशे. एक गॅलन साडेतीनशे ते चारशे चौरस फूट जातो, तेव्हा एक गॅलन पुरतो आणि डागडुजीपुरता उरतो. नव्या ड्रायवॉलला प्रायमर वेगळा.

टाइलची कड आणि रंगवलेली भिंत जिथे भेटतात ती रेघ सरळ येत नाही, कारण टाइलच सरळ नसते. गोल कडेचे तुकडे लावून शेवट करावा आणि फट अ‍ॅक्रिलिक कॉकने (नळकांडीतून भरायच्या, रंग धरणाऱ्या लांबीने) भरावी. तिथे सिलिकॉन भरलं तर त्यावर रंग धरत नाही, गोल ठिपके (फिशआय) पडून सुटतो. ओल्या भागात, म्हणजे टबच्या कडेला आणि टाइलच्या आतल्या कोपऱ्यांत, सिलिकॉन. रंगाच्या कडेला अ‍ॅक्रिलिक. दोन नळकांड्या वेगळ्या ठेवाव्यात.

रंग दिल्यावर शॉवर लगेच सुरू करू नये. पूर्ण मुरण्याआधी वाफ लागली की रंगातले साबणासारखे घटक वर येतात आणि भिंतीवरून तपकिरी, चिकट ओघळ येतात. रंग खराब झाला असं वाटून लोक पुन्हा हात मारतात, त्याची गरज नसते. कोमट पाण्याने पुसलं की निघतात, एक-दोनदा परत येतात आणि थांबतात. ५ बाय ८ च्या खोलीला किमान ५० सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला ५० घनफूट हवा बाहेर टाकणारा पंखा लागतो. आंघोळ झाल्यावरही तो वीस मिनिटं चालू राहील असा टायमर स्विच बसवून घ्यावा.